पेशव्यांचे हुजूर दप्तर : कागद राखणे व माहिती राखणे

राज्याच्या किंवा संस्थेच्या इतिहासात दप्तराचे प्रकरण बहुधा शेवटी येते, आणि पुष्कळदा येतच नाही. लढाया, तह, मुत्सद्द्यांची कारस्थाने व थोरांची चरित्रे यांवर आमच्या भाषेत विपुल लेखन झाले आहे. परंतु ज्या कागदांच्या आधारे हे लेखन झाले ते कागद कोणी, कशासाठी आणि कोणत्या नियमाने राखले, हा विषय इतिहासकारही प्रस्तावनेत दोन ओळींत आटोपतो. वस्तुतः दप्तर पाहावे आणि राज्य ओळखावे, इतका या दोहोंचा संबंध निकटचा आहे. हा संबंध मराठी वाचकांस परिचित अशा एका उदाहरणावरून तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विषयाचे दोन भाग प्रथमच वेगळे करणे इष्ट आहे. कागद नोंदणे, क्रमाने लावणे, रुमालात बांधणे, मागेल त्या क्षणी काढून देणे आणि निरुपयोगी झाल्यावर बाजूस सारणे, हे झाले दप्तरदाराचे काम. यास आजकाल अभिलेख-व्यवस्थापन असे भारदस्त नाव मिळाले आहे. कोणती माहिती टिपावी, ती कोणी पाहावी, तिच्या खरेपणाची जोखीम कोणावर असावी, ती नाहीशी करण्याचा अधिकार कोणास असावा आणि एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामी लावता यावी की नाही, हे ठरविणे म्हणजे माहितीचे नियमन. पहिले काम कारकुनाचे व दुसरे धन्याचे, असा सार्वत्रिक समज आहे. त्यामुळे धनी दप्तराच्या खोलीत कधी पाऊल टाकीत नाही, आणि कारकुनास आपण कशासाठी कागद राखतो हे कोणी सांगत नाही. या समजुतीचा परिणाम काय होतो हे पेशव्यांच्या हुजूर दप्तराच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

मराठी राज्यात लेखनाची शिस्त पेशवाईपूर्वीच घातली गेली होती. इ. स. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांच्या कामांचा जो जाबता ठरला, त्यात सचिवाकडे राजपत्रे बारकाईने तपासण्याचे व त्यांतील अधिकउणे अक्षर शुद्ध करण्याचे काम दिलेले आढळते. आणि पत्रावर प्रधानांनी आपापल्या संमतीची खूण करावी अशी योजना होती. पत्रास आरंभी शिक्का, अखेरीस मोर्तब, आणि ते बारनिशीत नोंदल्याची खूण, असे हे पहारे एकामागून एक बसविलेले असत. अखेरच्या मोर्तबाच्या लहानशा मुद्रेवर पेशव्यांच्या काळी ‘लेखनसीमा’ किंवा ‘लेखनावधि’ अशी अक्षरे असत. मजकूर येथे संपला, याखाली कोणी ओळ घातली तर ती राज्याची नव्हे, असा त्या मुद्रेचा स्पष्ट अर्थ होता. माहितीच्या नियमनाचे पहिले तत्त्व, म्हणजे कागद खरा कोणता व खोटा कोणता हे परक्या मनुष्यासही ताडता आले पाहिजे, ते आमच्या पूर्वजांनी बोटभर मुद्रेत साठविले होते.

पुढे राज्याचा पसारा वाढला, गादी साताऱ्यास राहिली व कारभार पुण्यास आला, तेव्हा हुजूर दप्तर ही एक स्वतंत्र संस्थाच होऊन बसली. तेथे दोनशेहून अधिक कारकून राबत असत. दप्तराच्या अनेक शाखा होत्या. त्यांपैकी चालते दप्तर व एकबेरीज दप्तर या दोन प्रमुख होत. चालते दप्तर फडणिसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली असे. त्यातील फडावरून सनदा व हुकूम सुटत, हिशेब येत, आणि रोजच्या व्यवहाराची कीर्द लिहिली जाई. बेहेड्याकडे महालोमहालच्या जमाखर्चाचे अंदाज असत. सरंजामाकडे फौजेच्या नेमणुकांचा हिशेब असे. एकबेरीज दप्तर मात्र कायम पुण्यात राही. निरनिराळ्या खात्यांचे हिशेब तेथे जमा होऊन त्यांची खतावणी, वर्षाचा ताळेबंद आणि तर्जुमा तयार होत असत. कीर्द, खतावणी, ताळेबंद हे शब्द आजही आमच्या पेढ्यांत आणि सहकारी सोसायट्यांत रोज उच्चारले जातात.

एवढी मेहनत कशासाठी होती? वाचकांनी या प्रश्नापाशी क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. कागदाचा शोक म्हणून कोणतेही राज्य दोनशे कारकून पोसत नाही. एखाद्या मामलेदाराने महालाची वसुली कमी दाखविली तर मागील सालांचा ताळेबंद काढून त्यास जाब विचारता येत असे. सरदाराने इतके स्वार ठेवतो म्हणून सरंजाम खाल्ला, तर नेमणुकीचा कागद त्याच्यापुढे ठेवता येत असे. कोण्या ब्राह्मणाने किंवा फकिराने आपल्या इनामाचा दाखला मागितला तर तो दप्तरातून काढून देता येत असे. थोडक्यात, निर्णय दप्तरावर अवलंबून होता म्हणून दप्तर नीट राखले जात होते. नाना फडणविसांच्या कारकीर्दीत ही व्यवस्था विशेष नेटकी झाली, याविषयी इंग्रज व एतद्देशीय अभ्यासकांत दुमत नाही. नानांची राजकीय धोरणे कोणास पटोत वा न पटोत; माहितीवाचून हुकूम सोडू नये ही त्यांची करडी शिस्त दप्तरात उमटली आहे हे कबूल करावे लागते.

सवाई माधवराव १७९५ मध्ये निवर्तले, नाना १८०० मध्ये वारले, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या हाती सत्ता राहिली. पेशवाई बुडाल्यावर ज्या इंग्रज अधिकाऱ्यांनी दप्तराची पाहणी केली, त्यांस असे आढळले की या अखेरच्या काळात दप्तराकडे केवळ दुर्लक्षच झाले असे नाही, तर कारकुनांचा ताफा जवळजवळ मोडला गेला होता, आणि लोकांस कागद घेऊन जाण्यासही मोकळीक होती. याचा दोष बाजीरावाच्या स्वभावावर टाकून मोकळे होण्याची आमच्याकडे चाल आहे. आमच्या मते कारण याहून खोल आहे. बाजीरावाने महाल मक्त्याने देण्याची रीत सर्रास चालविली. जो जास्त बोली बोलेल त्यास महाल मिळे; त्याने रयतेकडून काय घेतले, गावात पीक काय आले, कोणते शेत पडीक राहिले, याच्याशी सरकारास कर्तव्य उरले नाही. मक्त्याचा आकडा माहीत असला म्हणजे झाले. ज्या सरकारास आपल्या मुलखाविषयी काही जाणून घ्यावयाचेच नाही, त्याने ताळेबंद कोणासाठी बांधावे? आधी जाणण्याची इच्छा गेली, मग जाब विचारण्याची रीत गेली, आणि शेवटी कागद गेले. दप्तराची वाताहत हा या साखळीतला शेवटचा दुवा होय. दप्तर नीट लावा असे नुसते हुकूम सोडून ती थांबली नसती.

या ठिकाणी एक आक्षेप संभवतो, व तो विचारात घेतला पाहिजे. दप्तर विस्कटले म्हणता, मग मराठ्यांच्या इतिहासाची एवढी साधने कशी वाचली? याचे उत्तर असे की, त्यांतील मोठा भाग हुजूर दप्तराच्या बाहेर वाचला. आमच्याकडे हुद्दे वंशपरंपरेने चालत, आणि हुद्द्याबरोबर त्याचे कागदही घरात येत. फडणिसाचा पत्रव्यवहार राज्याचा की फडणिसाचा, ही रेषा कोणी स्वच्छ आखलेली नव्हती. नानांचा प्रचंड पत्रसंग्रह वाईजवळ मेणवलीच्या वाड्यात राहिला. पटवर्धनांचा त्यांच्या संस्थानांत राहिला, आणि वासुदेवशास्त्री खरे यांनी त्यातून ‘ऐतिहासिक लेख संग्रह’ सिद्ध केला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, व पुढे गावोगाव वाड्यांच्या माळ्यांवर चढून एकंदर बावीस खंडांची सामग्री जमविली. घरगुती राखणदारीने कागद वाचले हे उपकार आहेतच. परंतु त्यांपैकी वाळवीच्या, उंदरांच्या व रद्दीवाल्याच्या मुखी किती गेले याची मोजदाद कधीच होणार नाही. शिवाय ज्याच्या घरी कागद, त्याच्या इच्छेवर सत्य अवलंबून, ही स्थिती कोणत्याही राज्यास भूषणावह नाही. घराण्याच्या अभिमानाने कागद राखतो तो मनुष्य घराण्यास उणेपणा आणणारा कागदही राखीलच, असा भरवसा कोणी द्यावा?

आता १८१८ नंतरचे प्रकरण पाहू. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने नव्या मुलखाची व्यवस्था हाती घेतली, तेव्हा त्याच्यापुढे पहिली अडचण माहितीची होती. इनाम कोणाचे, जहागीर कोणाची, देवस्थानची नेमणूक किती, हे सांगणारे तोंडी साक्षीदार हजार होते. परंतु भरवशाचा साक्षीदार दप्तर हा एकच होता. म्हणून विखुरलेले कागद गोळा करण्याची खटपट झाली, व मॅक्लिओड नावाच्या अधिकाऱ्याकडे ते काम आले. ज्या राज्याचे ते दप्तर होते त्याने ते टाकून दिले, आणि ज्याने ते राज्य बुडविले त्याने ते उचलून नीट ठेवले, असा हा विलक्षण प्रकार आहे. परंतु त्यात परोपकार पाहण्याचे कारण नाही. नव्या सरकारास जाणून घ्यावयाचे होते, म्हणून दप्तरास पुन्हा जीव आला, इतकेच.

काय जाणून घ्यावयाचे होते हे पुढील पिढीत उघड झाले. १८४३ मध्ये दक्षिण महाराष्ट्रात इनामांची चौकशी सुरू झाली, आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनास पक्के स्वरूप आले. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांच्याकडील जुने कागद सरकारात जमा करण्यात आले, पेशवे दप्तराचे रुमाल कमिशनाच्या ताब्यात आले, आणि प्रत्येक इनामदाराचा दावा त्यांच्याशी पडताळून पाहिला जाऊ लागला. ही पडताळणी सर्वस्वी अन्यायाची होती असे आम्ही म्हणत नाही. अखेरच्या धामधुमीत बनावट सनदा पुष्कळ निर्माण झाल्या होत्या. रोजकीर्दीत ज्या दानाची नोंद नाही ते दान शंकास्पद ठरावे हे तर्कास धरूनच आहे. परंतु ज्या काळात खुद्द सरकारी दप्तरच विस्कटले होते त्या काळातील नोंद सापडत नाही, म्हणून तिची शिक्षा इनामदाराच्या नातवास व्हावी, यात न्याय कोठे राहिला? कागद सरकारच्या कुलपात, जमिनीवर दावा सरकारचा, आणि निकाल देणारे अधिकारीही त्याच सरकारचे. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी, आजोबा-पणजोबांच्या वेळी अमुक शेत ‘कमिशनात गेले’ ही गोष्ट अद्याप सांगितली जात असेल. या चौकशीने जो असंतोष माजला तो १८५७ च्या आधी दक्षिण महाराष्ट्रात धुमसत होता, हे इतिहासास माहीत आहे. पुढे १८६३ च्या दोन कायद्यांनी चौकशीचा घोळ आवरता घेऊन, ठराविक आकारणी पत्करणाऱ्यांची वहिवाट कायम करण्याची सोय निघाली.

दप्तरव्यवस्थेच्या दृष्टीने पाहता कमिशनाचे काम वाखाणण्यासारखे होते. कागद वेचले गेले, उलगडले गेले, वर्गवार लावले गेले. घडणी, प्रांत अजमास, जमाव, रोजकीर्द, चिटणिशी, पागा, शाहू दप्तर ही जी विभागणी आज संशोधक वापरतात, ती त्या काळापासून चालत आलेली आहे. परंतु माहितीच्या नियमनाच्या दृष्टीने पाहता, हिशेबासाठी व दानाच्या दाखल्यासाठी लिहिलेली नोंद दात्याच्या वारसांनी नव्हे, तर त्याच्या शत्रूने, घेणाऱ्याच्या विरुद्ध पुरावा म्हणून वापरली. कागद उत्तम राखला गेला एवढ्याने तो उत्तम कामी लागतो असे होत नाही, हा धडा यातून मिळतो. दप्तर ज्या कचेरीत ठेवले तिचे नावच एलिएनेशन ऑफिस, म्हणजे दुमाला जमिनींची कचेरी असे होते. ज्या मुलखाचा शंभर वर्षांचा सारा व्यवहार त्या रुमालांत होता, त्याकडे ‘हातून गेलेला सारा’ याच एका नजरेने पाहिले गेले.

या कचेरीची आजची दगडी इमारत पुण्यात १८८८ ते १८९१ या वर्षांत उभी राहिली. कागद वाळवीपासून वाचले. पण संशोधकांपासूनही ते पुष्कळ दिवस वाचविले गेले. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांस रोजनिश्यांतून उतारे काढण्याची परवानगी मिळाली हा अपवाद होय. त्या उताऱ्यांस उद्देशून न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये आपला प्रसिद्ध निबंध वाचला, आणि लढायांपलीकडे लोकस्थितीचा, सारापद्धतीचा व न्यायाचा इतिहास या रोजनिश्यांत आहे हे दाखवून दिले. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, मागणीचा जोर वाढला, आणि अखेर सर जदुनाथ सरकार यांच्या पुरस्काराने रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे निवडीचे काम आले. १९३० ते १९३४ या अल्प काळात ‘पेशवे दप्तरातून निवडलेले कागद’ ४५ भागांत बाहेर पडले. सरदेसायांनी १९३३ मध्ये दप्तराची जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली तीत एकंदर ३४,९७२ दप्तरांची मोजणी आहे : २७,३३२ मोडी रुमाल, ७,४८२ इंग्रजी फायली, १२९ फारसी व २९ गुजराती. एवढ्या डोंगरातून ४५ भाग म्हणजे ओंजळभर पाणी, हे खरे. परंतु दार एकदा उघडले ते पुन्हा बंद झाले नाही, हे त्याहून महत्त्वाचे. एकाच कागदाने चार धनी पाहिले. फडणिसाने त्याने हिशेब तपासला, मक्तेदारांच्या काळी तो अडगळ ठरला, कमिशनाने त्याने जमीन काढून घेतली, आणि रानड्यांनी व सरदेसायांनी त्यातून रयतेचे जीवन वाचले. या चारही वेळी मोडी अक्षर तेच होते, बदलला तो नियम.

हा सर्व इतिहास आजच्या वाचकास कशासाठी सांगावा, याचा खुलासा करून लेख संपवू. आज राज्य लोकांचे आहे, म्हणून दप्तरही लोकांचे आहे, असे कायद्याने मानले गेले आहे. १९९३ च्या केंद्रीय सार्वजनिक अभिलेख कायद्याने सरकारी कागद मनमानी रीतीने नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली. महाराष्ट्रानेही २००५ चा आपला सार्वजनिक अभिलेख अधिनियम केला. माहितीच्या अधिकाराचा जो कायदा २००५ मध्ये झाला त्याच्या चौथ्या कलमाचा आरंभच, प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध व क्रमवार ठेवावेत, या आज्ञेने झाला आहे. कायदा करणाऱ्यांनी ही आज्ञा प्रथम ठेवली यात मर्म आहे. नागरिकास माहितीचा हक्क दिला, पण ‘फाईल सापडत नाही’ या तीन शब्दांनी तो हक्क कोणताही कारकून निष्फळ करू शकतो. म्हणजे दप्तरव्यवस्थेवाचून माहितीचे नियमन पोकळ आहे. आणि मक्तेदारीच्या काळाने दाखविल्याप्रमाणे, नियमनाच्या इच्छेवाचून दप्तरव्यवस्था टिकत नाही.

आमच्या राज्यातील कचेऱ्यांत सहा गठ्ठ्यांची पद्धत सांगितलेली आहे : चालू प्रकरणे, प्रतीक्षेतील प्रकरणे, नियतकालिक विवरणे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची व नाश करावयाची. १९८० नंतरच्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीच्या व दप्तराच्या मांडणीत जी सुधारणा केली ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून प्रसिद्ध झाली. या दोन्ही गोष्टींत एकबेरीज दप्तराचीच दृष्टी आहे. कोणता कागद कोठे आहे हे त्या टेबलावरील मनुष्य बदलला तरी कळले पाहिजे, ही ती दृष्टी होय.

परंतु जुने दोन रोग नव्या रूपाने आलेले आम्हांस दिसतात. पहिला मेणवलीचा. संस्थेचा अधिकारी आज संस्थेचे निर्णय खासगी मोबाईलवरील संदेशांतून कळवितो. तो निवृत्त झाला, किंवा त्याने यंत्र बदलले, की निर्णयाचे कारण त्याच्याबरोबर जाते. नानांचे कागद निदान वाड्यात राहिले. या संदेशांस तेवढेही छप्पर नाही. दुसरा रोग कमिशनाचा. शाळेने, बँकेने, रुग्णालयाने एका कामासाठी घेतलेली माहिती भलत्याच कामी वापरण्याचा मोह यंत्रयुगात शतपटीने वाढला आहे. ज्या कारणासाठी माहिती घेतली त्याच कारणापुरती ती वापरावी, हे तत्त्व २०२३ च्या व्यक्तिगत माहितीविषयक कायद्याने मान्य केले. पण त्यात शासनास मोठ्या सवलती ठेविल्या आहेत, आणि इनाम कमिशनाची आठवण ज्यास आहे त्याने त्या सवलतींकडे डोळे उघडे ठेवून पाहणे योग्य होय.

ज्या वाचकांचा एखाद्या वाचनालयाशी, शिक्षणसंस्थेशी किंवा सोसायटीशी संबंध असेल, त्यांनी पुढील सभेत चार प्रश्न विचारावेत. आपल्या संस्थेचे कागद कोठे आहेत? ते कोण पाहू शकतो? ते फाडण्याचा अधिकार कोणास आहे? आणि आपण सर्व उद्या नसलो, तर आपण घेतलेल्या निर्णयाचे कारण तिऱ्हाइतास त्यांतून कळेल काय? उत्तरे सचिवाकडे नसतील, तर दोष एकट्या सचिवाचा समजू नये. जाब विचारणाऱ्या सभासदांची सभा जोवर भरते तोवरच ताळेबंद खरा लिहिला जातो.